पिळ्ळैयारसमोरची चार फूट जागा

"पाठीला दिवा लावतात की कुठं, बाई?" पांडुरंगराव मला विचारत होते.

चेन्नईत, तांबरमजवळच्या एका गल्लीत, त्यांच्या कंपाउंड वॉलपाशी मी टेप धरून उभी होते. टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं आणि ते कधीही सोडून देतील असं दिसत होतं. मी सुचवलं होतं ते इतकंच. भिंतीतल्या कोनाड्याला मागून, म्हणजे घराच्या बाजूनं, एक झडप ठेवायची. दिवा तिथूनच लावायचा, रस्त्यावर जायचं कामच नाही. उपाय स्वस्त होता, सोपा होता आणि नियमात बसत होता. फक्त झडप उघडली की समोर गणपतीची पाठ येत होती.

मी सांगलीची. गणपतीची पाठ बघू नये हे मलाही लहानपणापासून सांगितलेलं. मी मुकाट्यानं टेप गुंडाळला.

माझं काम काय ते आधी सांगते. लोकांना घर, वरचा मजला, भिंत असं काहीतरी बांधायचं असतं. मी नकाशा काढते, तो ऑफिसातून मंजूर करून आणते आणि बांधकाम नकाशाप्रमाणे होतंय ना ते बघते. घराच्या नकाशाला लोक मान देतात. कुंपणाच्या नकाशाला कुणी विचारत नाही. भिंतच ती, तिला कसला नकाशा, असं म्हणून थेट गवंडी बोलावतात. नोटीस आली की मग मला फोन येतो. माझा निम्मा वेळ दुसऱ्यांनी घातलेला गोंधळ निस्तरण्यात जातो. इतकी वर्षं झाली, पण त्यावर चिडणं मी अजून सोडलेलं नाही.

पांडुरंगराव शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेलं. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ चालीची. आपण 'आहे' म्हणतो तिथे ते 'अहे' म्हणतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. नंतर कळलं की माझी मराठी ऐकून त्यांनाही येत होतं.

त्यांचं घर गल्लीच्या तोंडावर आहे. म्हणजे समोरून एक रस्ता सरळ येतो आणि त्यांच्या भिंतीला टेकून संपतो. अशा घराला इकडे 'तेरुकुत्तु' म्हणतात. रस्ता घरावर चालून येतो, त्याचा धक्का घराला लागतो, अशी समजूत. त्यावर तोडगाही ठरलेला. भिंतीत कोनाडा करायचा आणि त्यात रस्त्याकडे तोंड करून पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, बसवायचा. चेन्नईत कुठल्याही जुन्या वस्तीत फिरा, असे गणपती रस्त्यावर नजर ठेवून बसलेले दिसतील. पांडुरंगरावांचा कोनाडा त्यांच्या वडिलांनी बांधलेला. त्या काळी जागेची ओढाताण नव्हती, म्हणून त्यांनी तो ऐसपैस केला आणि हद्दीच्या बाहेर, रस्त्यात वीतभर पुढे काढला.

आता ती वीतच नडत होती. गल्लीतून पावसाच्या पाण्याचं नवं गटार यायचं होतं आणि रस्त्यात आलेलं सगळं काढून घ्या अशी नोटीस घरोघर लागली होती. पायऱ्या, गाडीचे उतार, ओटे, सगळंच. लोकांनी कुरकुरत का होईना, काढलं. पांडुरंगरावांनी मात्र मला बोलावलं आणि सांगितलं, कोनाडा मागे घेऊ, पण त्याबरोबर भिंतही उंच करायची. डोक्याच्या वर, सगळी बंद. गेट पत्र्याचं, कुलपाचं.

"एवढी उंच कशाला, काका?"

"चोर," ते म्हणाले.

गल्लीत चोरण्यासारखं काय होतं, देव जाणे. पण क्लायंटशी मी कारणावरून वाद घालत नाही. मी मापं घ्यायला लागले. तेवढ्यात गेटची कडी वाजली आणि त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. अंबुजाबाई. नीट नेसलेलं सुती लुगडं, केसांत मोगरा, एका हातात तेलाचा दिवा आणि दुसऱ्या हातात तांदळाच्या पिठाची वाटी. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या. आमची ओळख नव्हती. त्यांनी पिळ्ळैयारसमोरची जागा हातानं साफ केली, खाली वाकल्या आणि कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढायला बसल्या. ठिपके मोजावे लागले नाहीत, हात थांबला नाही. मी कामात रोज सरळ रेघा मारते, पण इतकी सफाईदार रेघ मला कागदावरही जमत नाही. मग दिवा लावला, हात जोडले, उठल्या आणि घरी निघाल्या.

त्यांचं घर त्यांच्या पाठीशी होतं. त्या समोरच्या रस्त्यानं सरळ चालत गेल्या.

पांडुरंगराव अनवाणीच त्यांच्या मागे धावले. वळणाच्या आधी गाठलं, हात धरला आणि काहीतरी गप्पा मारत परत घेऊन आले. बाईंना आत सोडलं, गेट लावलं आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले. धाप लागली होती.

"वर्ष होऊन गेलं," ते म्हणाले. "घर कळतं, स्वैंपाक कळतो, माझं नाव कळतं. पिळ्ळैयारला नमस्कार केला, मागं वळली, की काय होतं कळेना. वाट विसरते. अत्ता गटाराचा खड्डा इथपर्यंत येईल. पाहटेस अंधारात ती बाहेर येईल आणि…" त्यांनी गेटची कडी परत ओढून बघितली. "कोणाला सांगू नका हं, बाई. गल्लीत कोणाला ठावं नाही."

चोर म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. खरं कारण त्यांनी आधीच सांगितलं असतं तर माझी एक फेरी वाचली असती. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं.

मी विचारलं, दिवा काही दिवस बंद ठेवला तर? त्यांनी तेही करून बघितलं होतं. दिवा आणि पिठाचा डबा लपवला, तर अंबुजाबाई पिळ्ळैयार शोधत बसस्टँडपर्यंत पोचल्या. म्हणजे दिवा लागणार आणि कोलमही पडणार. ते पिळ्ळैयारच्या समोरच पडणार. आणि पिळ्ळैयार रस्त्याकडेच बघत बसणार, नाहीतर त्याला तिथे बसवून उपयोग काय?

आता नियम. हद्दीवरच्या साध्या कुंपणाला दरवेळी परवानगी लागतेच असं नाही. पण रस्त्यालगतची भिंत, त्यातून नोटीस आलेली, म्हटल्यावर कागद हवा. रस्त्याकडची भिंत ठरलेल्या उंचीच्या वर बंद बांधता येत नाही. त्यावर जाळी किंवा ग्रिल चालतं, आरपार दिसायला हवं. गेट बाहेर, रस्त्यावर उघडता कामा नये. आत उघडा नाहीतर सरकवा. आणि हद्दीच्या बाहेर एक वीटसुद्धा नको. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. उंच बंद भिंत आणि पत्र्याचं गेट हे दोन्ही बाद झाले. पांडुरंगरावांचा चेहरा उतरला. मग मी झडपेचा उपाय काढला आणि सुरुवातीला सांगितलेली पाठ आडवी आली.

मी घरी जाऊन नकाशाशी झटापट करत बसले. काही सुचेना. शेवटी डोक्याला ताप नको म्हणून सोपी कामं आधी उरकावीत असं ठरवलं आणि दुसऱ्या एका घराच्या इलेक्ट्रिक मीटरच्या जागेचा नकाशा काढायला घेतला. मीटर बघायला येणाऱ्याला घरात घ्यावं लागू नये म्हणून आम्ही काय करतो, तर भिंत तेवढ्यापुरती आत ढकलतो. मीटर मालकाच्या जागेत राहतं, पण तोंड बाहेर.

मी पेन्सिल खाली ठेवली. पिळ्ळैयारला वीतभर मागे घेऊन भागणार नव्हतं. भिंतच मागे घ्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात खडूनं रेघ मारली. "ही तुमची जुनी भिंत. हिला चार फूट आत, या रेघेवर आणायचं. तशीच, त्याच उंचीची. कोनाडा तसाच, गेट तेच. जिथे आत्ता भिंत आहे, त्या हद्दीवर बुटकी भिंत आणि वर ग्रिल. त्याला सरकतं गेट, तेही पार टोकाला, कुलपाचं. मावशी जुन्या गेटमधून बाहेर येतील, पिळ्ळैयारसमोर बसतील, कोलम काढतील. पुढे ग्रिल. रस्ता त्याच्या पलीकडे."

त्यांनी रेघेपासून जुन्या भिंतीपर्यंत पावलं मोजली. गणिताचे मास्तर, उत्तर पडताळून घेतल्याशिवाय मान डोलावणार नाहीत. "म्हणजे ती बाहेर अहे, आणि बाहेर नाही," ते म्हणाले.

"हो."

"त्या चार फुटांत माझी मोगऱ्याची वेल अहे. पारिजातक अहे."

"काढावी लागतील."

"सरी," म्हणजे बरं, म्हणाले, आणि आत जाऊन कुदळ घेऊन आले. त्याच दिवशी काढायची काही गरज नव्हती.

मंजुरी आठवडाभरात होईल असा माझा अंदाज होता. तो चुकला. ऑफिसमधली असिस्टंट इंजिनिअर वयानं लहान पण कामाला कडक. तिनं नकाशा पाहिला आणि कोनाड्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे देऊळ आहे का?"

"नाही. भिंतीतला पिळ्ळैयार आहे. सगळीकडे असतो तसा."

"तुम्ही त्याच्यापुढे जागा सोडलीय, ग्रिल लावलंय, गेट लावलंय. इथे गल्लीतले लोक येणार का? हा निवासी झोन आहे. सार्वजनिक पूजास्थान म्हटलं की परवानगी वेगळी, ती माझ्या हातात नाही. घरातली पूजा म्हटलं तर प्रश्नच नाही. मला एक काहीतरी सांगा."

"घरातली," मी म्हणाले.

तिनं फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. पांडुरंगरावांच्या समोर राहणाऱ्या मुरुगेसन यांचा तक्रार अर्ज होता. हा आमच्या गल्लीचा पिळ्ळैयार आहे, राव सार त्याला कुलपात घालायला निघालेत, आम्ही ते होऊ देणार नाही. खाली गल्लीतल्या बऱ्याच लोकांच्या सह्या.

"एकीकडे खाजगी, एकीकडे सार्वजनिक," ती म्हणाली. "दोघं मिळून ठरवा आणि या. तोपर्यंत मला सही करता येणार नाही. आणि गटाराचं काम थांबणार नाही, तेही सांगून ठेवते."

तिचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. तिच्या खुर्चीवर बसून मीही हेच केलं असतं. पण बाहेर येऊन मी फाइल स्कूटरच्या डिकीत आपटली.

गटाराचा खड्डा तेव्हा गल्लीच्या निम्म्यावर आला होता. कडेला फळ्या आणि दोऱ्या बांधल्या होत्या, त्या बघून कुणी थांबेल असं वाटत नव्हतं. पांडुरंगराव रात्री दाराशी चटई टाकून झोपत होते. त्यांना झोप लागते कधी, कुणास ठाऊक.

मी त्यांना घेऊन मुरुगेसनच्या घरी गेले. ते यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, नियमाचं मी बघते. मुरुगेसन रेल्वेतून निवृत्त झालेला, तोंडाळ माणूस. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या आणि आम्ही बसायच्या आत सुरू झाला. सगळं तमिळमध्ये, आणि आवाज गल्लीला ऐकू जाईल असा.

"मॅडम, कामाला निघताना पोरं त्याच्या पाया पडून जातात. त्याला पिंजऱ्यात घालायचा?"

"पिंजरा नाही, ग्रिल आहे," मी म्हणाले. "आरपार दिसेल. आणि एक समजून घ्या. तुम्ही सार्वजनिक म्हटलंत तर परवानगी मिळणार नाही. परवानगी नाही म्हणजे भिंत जिथे आहे तिथेच. मग कोनाडा रस्त्यात आहे म्हणून गटारवाला तो फोडणार. तुमचा अर्ज पिळ्ळैयारला वाचवत नाही, घालवतो."

हे त्याला पटलेलं दिसलं, पण तो मागे हटेना. "आधी तर बंद भिंत घालत होते. गवंड्यानं मला सांगितलं. डोक्याएवढी, पत्र्याचं गेट. ते कशाला?"

मी पांडुरंगरावांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"चोरांसाठी," मी म्हणाले.

मुरुगेसनचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सार," तो त्यांना म्हणाला, "अम्मांना मागच्या आठवड्यात बेकरीपासून मी आणलं. त्याआधी माझ्या सुनेनं. इस्त्रीवाल्यानं तर कितीदा. तुम्ही उठायच्या आत गेटपाशी सोडून जातो आम्ही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. बंद भिंतीच्या आत अम्मा पडल्या तर आम्हाला दिसणार कसं? म्हणून अर्ज केला."

पांडुरंगरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. एक गुपित त्यांनी वर्षभर छातीशी धरून ठेवलं होतं आणि अख्खी गल्ली ते त्यांच्यापासून लपवत होती. मी पाणी मागितलं.

"मला ठावं नव्हतं," पांडुरंगराव शेवटी म्हणाले. ते मराठीत म्हणाले. मुरुगेसनला शब्द कळले नसणार, पण त्यानं मान हलवली.

पुढचं मग भराभर झालं. ग्रिलच्या गजांत इतकं अंतर ठेवायचं की हात घालून फूल वाहता येईल. संकष्टीला पांडुरंगराव स्वतः तिथे बसणार आणि सरकतं गेट संध्याकाळी उघडं ठेवणार. नकाशावर 'घरगुती पूजेची जागा' असं लिहायचं आणि अर्ज मागे घ्यायचा. मुरुगेसननं गुरुक्कलना, म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यांना, विचारून घेतलं की पुढे ग्रिल आलं तर तेरुकुत्तुला पिळ्ळैयार चालेल ना. ते म्हणाले, रस्ता त्याला दिसतोय ना, मग झालं. असिस्टंट इंजिनिअरनं सगळे कागद दोनदा वाचले आणि सही केली.

बांधकामात मी एका गोष्टीवर अडून बसले. जुनं गेट रंगवायचं नाही, त्याची कडी बदलायची नाही, बिजागरीला तेल घालायचं नाही. गवंडी वैतागला. मॅडम, एवढं नवं काम आणि हे गंजकं गेट? मी म्हटलं, तेच लावायचं. अंबुजाबाईंच्या हाताला ती कडी माहीत होती. ती कडी वाजली की त्या बाहेर पडत होत्या. हात ओळखेल तेवढं तरी जागच्या जागी राहायला हवं होतं.

गटाराचा खड्डा पांडुरंगरावांच्या दारापर्यंत आला तेव्हा ग्रिलचा रंग ओला होता, पण कुलूप लागलेलं होतं.

काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्यायला इन्स्पेक्शन असतं. ते सकाळी होतं, म्हणून मी जरा आधीच पोचले आणि रस्त्यावर, ग्रिलच्या बाहेर, असिस्टंट इंजिनिअरची वाट बघत उभी राहिले. खड्ड्यावर फळी टाकलेली होती, तिच्यावर. पलीकडे कडी वाजली. गेट नेहमीसारखं कुरकुरलं. अंबुजाबाई दिवा आणि वाटी घेऊन आल्या. जागा साफ केली, खाली बसल्या, कोलम काढला. दिवा लावला. हात जोडले. मग उठून मागे वळल्या. गेटपाशी उभे असलेले पांडुरंगराव जागचे हलले नाहीत.

त्या दोन पावलं चालल्या आणि ग्रिलपाशी थांबल्या. गजांना हात लावून बघितला. मग माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. चेहरा कळवळला.

"अय्यो, पोरी," त्या म्हणाल्या, "तुला आत कोणी कोंडून घातलं?"



त्यांनी मागे बघून हाक मारली. "अहो, ऐकलं का? ही पोरगी आत अडकलीय. गेट काढा की!"

पांडुरंगराव पुढे आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "काढतो," ते म्हणाले. "किल्ली आणायला माणूस गेलाय."

"येतील हं," अंबुजाबाई मला म्हणाल्या. "भिऊ नको." पिळ्ळैयारच्या पायाशी ठेवलेलं मोगऱ्याचं फूल त्यांनी उचललं आणि गजांतून हात घालून माझ्या हातावर ठेवलं. मग वळून जुन्या गेटमधून आपल्या घरी गेल्या. कडी वाजली.

थोड्या वेळानं असिस्टंट इंजिनिअर आली. तिनं हद्द मोजली, उंची मोजली, गेट सरकवून पाहिलं आणि सगळं नकाशाप्रमाणे असल्याचं लिहून दिलं.

कुंपणाच्या नकाशावर एका अंगाला 'आतली बाजू' आणि दुसऱ्या अंगाला 'बाहेरची बाजू' असं लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या कामापासून मी 'घराची बाजू' आणि 'रस्त्याची बाजू' एवढंच लिहिते. ऑफिसनं अजून त्याला हरकत घेतलेली नाही.